चहातली साखर सोडली, मग ही कुठून येते? लपलेली साखर शोधून कमी करण्यासाठी

बाबांना मधुमेह निघाला त्याच दिवशी त्यांनी चहातली साखर बंद केली. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारा आकडा, जेमतेम हललेलं. "अगं, मी साखरेला शिवतसुद्धा नाही," ते कळवळून सांगत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. मग एका रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातली झाडून सगळी पाकिटं, बरण्या आणि बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. शेजारी वजनकाटा ठेवला, आणि दिवसभरात ते जे खातात-पितात त्या प्रत्येकातली साखर मोजून एका स्टीलच्या वाटीत ओतत गेले.

बिनसाखरेच्या चहाबरोबर चार मारी बिस्किटं: ५ ग्रॅम. 'ताकद यावी' म्हणून दुधात दोन चमचे पावडर: ६ ग्रॅम. थालीपिठाशी दोन मोठे चमचे टोमॅटो सॉस: ७ ग्रॅम. चमचाभर च्यवनप्राश: ५ ग्रॅम. उन्हातून आल्यावर ग्लासभर अमृत कोकम: २० ग्रॅम. संध्याकाळी भूक लागली म्हणून गुळाची चिक्की: १० ग्रॅम. वाटीत ५० ग्रॅमच्या वर साखर जमली. यात मिठाई नव्हती, आइस्क्रीम नव्हतं, कोला नव्हता. आई वाटीकडे बघून म्हणाली, "एवढ्यात आपल्या दोघांचा शिरा होतो." बाबा काहीच बोलले नाहीत, ती वाटी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

त्या दिवसानंतर आम्ही जे करत गेलो ते इथे क्रमाने लिहिते आहे. मधुमेह नसलेल्यांनीही हे करावं असं मला मनापासून वाटतं. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटींच्या आसपास लोक आहेत असा अंदाज आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला बहुतेक वेळा पत्ताच नसतो.

पहिलं काम: वाण्याची यादी काढा

पाकिटांकडे नंतर वळू. आधी महिन्याच्या किराण्यात साखर किती येते ते बघा. चौघांच्या घरात ५ किलो येत असेल, तर ५,००० ग्रॅमला चार माणसांनी आणि तीस दिवसांनी भागा. माणशी रोज जवळपास ४२ ग्रॅम. किलोभर गूळ येत असेल तर आणखी ८ मिळवा. पन्नास झाले, आणि अजून एक बिस्किटही धरलेलं नाही.

आता मर्यादा किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी साखरेतून यावेत, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणता आले तर अधिक चांगलं. २,००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारसूचनांचा रोखही या खालच्या आकड्याकडेच आहे. आम्ही घरात २५ धरतो. दोन वर्षांखालच्या बाळाला वरून घातलेली साखर अजिबात नको.

ही मर्यादा कुठल्या साखरेची हे नीट समजून घ्या, कारण इथेच घोळ होतो. आपण किंवा कारखान्याने घातलेली साखर, गूळ, काकवी, मध, कुठलाही पाक आणि फळांचा काढलेला रस, हे सगळं यात धरायचं. अख्खं फळ आणि दुधाची स्वतःची साखर यात येत नाही. त्यामुळे केळं, पेरू, संत्रं यांना घाबरून हात आखडू नका. संत्रं चावून खाल्लं तर चोथ्यासकट पोटात जातं, सावकाश पचतं, आणि एका-दोनात पोट भरतं. रस काढला की तीन-चार संत्री दोन घोटांत संपतात.

चमचा मोजून घ्या

ग्रॅम डोळ्यांपुढे येत नाहीत, चमचे येतात. आमच्याकडचा चहाचा चमचा सपाट भरला तर ५ ग्रॅम साखर बसते, शीग लावली तर ८. तुमचा चमचा वेगळा असेल. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर एकदा तोलून बघा, नसेल तर वाण्याच्या काट्यावर दहा सपाट चमचे तोलून दहाने भागा. पुढे कुठलाही आकडा दिसला की पाचाने भागायची सवय लावा. आईला पाकिटावरचं '२२ ग्रॅम' कळत नव्हतं, 'साडेचार चमचे' लगेच कळले.

पाकिटाची पाठ वाचा, पोट नको

पुढच्या बाजूला गव्हाची कणसं, मधाचा थेंब, धावणारी मुलं असतात. ते सोडा आणि पाकीट उलटं करा. पोषणाच्या तक्त्यात दोन ओळी शोधायच्या: 'टोटल शुगर्स' म्हणजे एकूण साखर, आणि तिच्या खाली 'ॲडेड शुगर्स' म्हणजे वरून घातलेली साखर. एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार या दोन्ही द्याव्या लागतात. दुधाच्या पदार्थात एकूण साखर जास्त दिसली तर दचकू नका. साध्या दुधात १०० मिलिलीटरला ५ ग्रॅमच्या आसपास स्वतःची साखर असतेच. बघायची ती दुसरी ओळ.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, 'पर सर्व्ह'. खालच्या बाजूला एका वेळच्या खाण्याचा आकडा असतो, आणि ते एक वेळचं खाणं कंपनी ठरवते. दोन बिस्किटं, एक छोटा चमचा सॉस. आपण दोन बिस्किटांवर थांबतो का? म्हणून तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यात करा आणि मग आपण खरोखर खातो तेवढ्याचा हिशेब लावा.

दुसरं, टक्केवारी. पाकिटावर साखरेपुढे '३० टक्के' लिहिलेलं असेल तर ते ५० ग्रॅमचे ३० टक्के असतात, म्हणजे १५ ग्रॅम. तुम्ही २५ ग्रॅमचं ठरवलं असेल तर तुमचा दिवसाचा ६० टक्के वाटा तिथेच संपला. टक्के दिसले की दुप्पट करायचे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तिसरं, अगदी छोट्या पुड्या. ज्यांचं वेष्टन फारच लहान आहे त्यांना हा तक्ता छापण्यातून सूट आहे. पाच रुपयांच्या पुडीवर काही सापडलं नाही तर त्याच मालाच्या मोठ्या पुड्यावर बघा.

साखरेची टोपणनावं

तक्त्यानंतर घटकांची यादी. यात जो घटक वजनाने सगळ्यात जास्त तो पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. पहिल्या तिघांत साखर असेल तर तो पदार्थ गोड खाऊच समजा, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

पण ती स्वतःच्या नावानेच येईल असं नाही. सुक्रोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्टोज असं शेवटी 'ओज' असलेलं नाव दिसलं की ती बहुतेक वेळा साखर. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, गोल्डन सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, केन शुगर, जॅगरी, हनी, डेट सिरप हीसुद्धा साखरच. एकाच पुड्यात यातली तीन-चार असली तर प्रत्येकाचं वजन थोडं थोडं होऊन ती यादीत खाली सरकतात, आणि वर मैदा किंवा ओट्स दिमाखात उभे राहतात. सगळ्यांची बेरीज मनातल्या मनात करा.

माल्टोडेक्स्ट्रिनबद्दल वेगळं सांगते, कारण बाबांच्या बाबतीत ते महत्त्वाचं ठरलं. हे स्टार्चपासून बनतं, चवीला फारसं गोड नसतं आणि साखरेच्या ओळीत बहुतांशी मोजलं जात नाही. पण पचतं झटपट आणि रक्तातली साखर तितक्याच झटपट चढवतं. 'साखर नाही' म्हणून आणलेल्या एका प्रोटीन पावडरीत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. जेवणानंतरचे बाबांचे आकडे का चढत होते ते आम्हाला तेव्हा उमगलं.

पाकिटावरच्या दाव्यांनाही कायद्याने ठरलेला अर्थ आहे. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅम किंवा मिलिलीटरमध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर. 'लो शुगर' म्हणजे घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपर्यंत, पेयात १०० मिलिलीटरला अडीच ग्रॅमपर्यंत. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातली नाही एवढंच. खजुराच्या लाडवावरही हे शब्द छापलेले दिसतात, आणि खजूर मुळातच किती गोड ते सांगायला नको. 'नॅचरल', 'पौष्टिक', 'घरगुती चव' या शब्दांवरून साखरेबद्दल काहीच कळत नाही.

पेयं आधी, बाकी सगळं नंतर

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. पातळ साखर पोट न भरता आत जाते, आणि आपण ती खाण्यात धरतही नाही.

साध्या कोलात १०० मिलिलीटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलीटरची छोटी बाटली म्हणजे पाच चमचे, दिवसाचा कोटा संपला. आंब्याची पाकीटबंद पेयं याहून कमी नसतात, बऱ्याचदा जास्तच असतात. पाकीटबंद रसाचं म्हणाल तर २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयने कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून केलेल्या रसांवरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितला, आणि किलोमागे १५ ग्रॅमहून जास्त साखर घातली असेल तर 'स्वीटन्ड ज्यूस' लिहिणं बंधनकारक असल्याची आठवण करून दिली. ते शब्द शोधा.

मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी हे माझं खरं दुखणं आहे. १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर घातलेल्या पावडरी सर्रास दिसतात. त्या 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या जात. असा काही प्रकारच अन्नसुरक्षा कायद्यात नाही असं पुढे आलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना ही पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं. नाव गेलं, घराघरांतली सवय राहिली. कितीतरी आया पावडर घालून वर 'मुलाला आवडत नाही म्हणून' आणखी एक चमचा साखर घालतात. साधं दूध, वेलची-जायफळ किंवा हळद घालून, आठवडाभर नेटाने दिलं की मुलं पितात. पहिले दोन दिवस रडारड होते, ती सोसावी लागते.

सरबतांसाठी आपल्याकडे फार चांगली वाट आहे. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातलं कोकम. कोकम आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा नुसता रस. बाटल्या दिसायला सारख्या, आत जमीन-अस्मानाचा फरक. आगळ दोन चमचे, गार पाणी, जिरेपूड, आणि साखर हवीच तर स्वतःच्या हाताने अर्धा चमचा. (त्यात मीठ बरंच असतं, रक्तदाब असणाऱ्यांनी प्रमाण बेतानं ठेवा आणि वरून मीठ घालू नका.) पन्हं गूळ कमी घालून करता येतं, ताकाला तर साखर लागतच नाही. उसाच्या रसाचा मोठा ग्लास मात्र ३० ग्रॅमच्या पुढे जातो. प्यायचा त्या दिवशी प्या, पण तहान भागवायचं पेय म्हणून नको.

एक सावधगिरी. जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलाच्या ओआरएसमध्ये साखर कमी करायची नाही. त्यातलं ग्लुकोज आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून घेण्यासाठीच असतं. पण ते मापात असतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम. बाजारात नावात 'ओआरएस' असलेली, पण याच्या कितीतरी पट साखर असलेली गोड पेयं खोक्यातून विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं हा प्रश्न लावून धरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानात पावडरीची पुडी मागा, आणि तिच्यावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघा.

"गूळ चालतो ना?"

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझं माहेर कोल्हापूरकडचं, गुऱ्हाळावरच्या कढईतला गरम गूळ खाऊन मी मोठी झाले, त्यामुळे हे लिहिताना जीवावर येतं. गुळाला चव आहे, वास आहे, साखरेत नसलेली थोडी खनिजं आहेत. पण वजनाचा फार मोठा भाग साखरच आहे, आणि रक्तात गेल्यावर शरीर 'हा गूळ' म्हणून सूट देत नाही. गुळाचा चहा देणारी दुकानं आता कोपऱ्याकोपऱ्यावर झालीत. तिथे दिवसातून तीनदा जाणारे लोक 'मी साखर सोडली' म्हणतात तेव्हा मला बाबांची ती वाटी आठवते. मधाचंही तेच, १०० ग्रॅमला ८० ग्रॅमच्या आसपास साखर. आवडतो म्हणून गूळ खा, पण चमचे मोजताना त्यालाही धरा.

जिथे लेबलच नाही

बेकरीचा टोस्ट, नानकटाई, हॉटेलातली पंजाबी ग्रेव्ही, भेळेची चिंच-खजुराची चटणी, चिवड्यात घातलेली पिठीसाखर, बाकरवडी. यांचा आकडा कुणी देणार नाही. ज्यूस सेंटरवर "साखर आणि पाक दोन्ही नको" असं आधी सांगायचं, नुसतं "कमी गोड" म्हटलं तर काही बदलत नाही. टपरीवर चहा आधीच गोड उकळलेला असतो, तिथे अर्धा कट घ्यायचा.

पाकिटांतल्या काही वस्तू थोडक्यात: सॉसमध्ये १०० ग्रॅमला २० ते ३० ग्रॅम साखर सर्रास असते. ग्लुकोज बिस्किटं २५ च्या आसपास, क्रीमवाली त्याहून वर. जॅममध्ये निम्म्याहून जास्त. ब्राउन ब्रेडचा रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो, म्हणून यादीत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं आहे की मैद्याचं ते बघा. मुलांच्या खोकल्याच्या सिरपमध्येही साखर असते. बिनसाखरेचं मिळतं का हे डॉक्टरांना विचारलं तर ते सांगतात.

कमी करायची कशी

एका दिवसात सगळं बंद करू नका. बाबांनी तेच केलं होतं: चहा कोरडा झाला आणि मन बिस्किटांकडे धावलं. आईच्या चहासाठी आम्ही दुसरी रीत धरली. दीड चमचा होता, दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी. प्रत्येक वेळी तीन-चार दिवस चहा बेचव लागायचा, मग जीभ वळायची. दोन महिन्यांत ती पूर्ण बिनसाखरेवर आली. आले किंवा गवती चहा थोडा जास्त घातला की उणीव कमी जाणवते. चहाच्या डब्याशेजारी साखरेसाठी मुद्दाम छोटा चमचा ठेवा, मोठा चमचा दुसरीकडे हलवा.

आमटी, कोशिंबीर, पोहे, उसळ यांत सवयीने जाणारी चिमूट राहू दे. चव त्यावर बेतलेली असते आणि माणशी वाटा अगदी थोडा येतो. चार माणसांच्या आमटीतल्या सुपारीएवढ्या गुळावरून सुनेला किंवा सासूला बोलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आधी चहा, पेयं, बिस्किटं आणि सॉस.

बिस्किटाच्या जागी काय, हे आधी डब्यात तयार हवं. भूक लागल्यावर माणूस शोधत बसत नाही, हाताला येईल ते खातो. आमच्याकडे फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या आणि फोडणीचे कुरमुरे पुढच्या फळीवर असतात, बिस्किटं घरात येत नाहीत. पाहुण्यांसाठी आणलेला पुडा पाहुण्यांआधी घरचेच संपवतात, हे मान्य करून टाकावं.

गोड पदार्थांचे दिवस ठरवून घ्या. पाडव्याला श्रीखंड करते, चक्क्याइतकी साखर न घालता पाऊणपट घालते, वाटी लहान ठेवते, आणि त्या दिवशी सरबत नाही. सण बुडवून केलेलं पथ्य आमच्या घरात तरी महिनाभरही टिकलं नाही.

मुलांना आकडे दाखवा. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कुठल्या खाण्यात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. घरच्या फ्रिजवरही असा कागद लागतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने स्वतः काढला, कोलाच्या बाटलीशेजारी पाच चमचे रंगवले, आणि वाढदिवसाला तिनेच लिंबूसरबत मागितलं.

साखरेऐवजी गोळ्या किंवा शून्य कॅलरीची पावडर वापरावी का? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी यांचा आधार घेऊ नये असं सुचवलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही. माझं मत विचाराल तर गोडाची ओढ कमी करायची असेल तर या गोळ्यांनी ती तशीच राहते. बाबांनी काही आठवडे घेतल्या आणि सोडल्या.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे आधी वाचा

साखर कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधाची मात्रा आधीच्या खाण्यावर ठरलेली असते. खाणं बदललं आणि मात्रा तीच राहिली तर काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम खाली जाऊ शकते. आमच्याकडे पाचव्या आठवड्यात तसं झालं: बाजारातून येताना बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या पानवाल्याने पाण्यात साखर ढवळून दिली आणि ते सावरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदाची एक पुडी असते, आईने मोजून बांधलेली, १५ ग्रॅम, तीन सपाट चमचे. असं झालं तर ती पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच, आणि सावरल्यावर काहीतरी खायचं. सदरा धुवायला टाकताना आई आधी खिसा चाचपते आणि पुडी नव्या सदऱ्यात ठेवते.